गिरान सुटल्यावर

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण होतं. खग्रास बघायचं तर राजस्थान किंवा उत्तर प्रदेश गाठायला हवा होता. आमच्या सांगलीत सूर्य अर्ध्याहून जरा जास्त झाकणार, असं पेपरात आलं होतं. मी तेव्हा सांगलीत कॉलेजला होते. आमच्या घरी साताऱ्याला दिवाळी करत नसत, म्हणून सुट्टीत मैत्रिणीकडे राहिले होते.

तिच्या आईनं आदल्या रात्रीच पाण्यात, पिठावर तुळशीची पानं टाकून ठेवली होती. आम्ही दोघींनी मात्र अंगणात उद्योग मांडला. आरशावर भोक पाडलेला कागद चिकटवला आणि ऊन समोरच्या खोलीच्या अंधाऱ्या भिंतीवर पाडलं. भिंतीवर चिमुकला सूर्य उमटला, कडेनं कुरतडल्यासारखा. गल्लीतली माणसं बघायला आली. मी सगळ्यांना समजावून सांगत होते, आवाज चढवून. फार ऐटीत होते मी.

सूर्य पुन्हा गोल झाला आणि गल्लीच्या तोंडाशी हाळी आली, "दे दान, सुटे गिरान!"

मैत्रिणीची आई सुपात ज्वारी घेऊन दारात गेली. मीही सहज मागून गेले. दारात पदर पसरून उभी होती माझी थोरली काकी.

आमचं मूळ गाव कवठे महांकाळकडे. छप्पन सालानंतर आजोबा बौद्ध झाले आणि ग्रहण सुटल्यावर दारोदार जाऊन गिरानाचं दान मागणं आपल्या घरातून कायमचं गेलं, हे वडील पाहुण्यारावळ्यांना छाती फुगवून सांगत. वडील फौजेत गेले, निवृत्त होऊन साताऱ्यात राहिले. चुलते वारल्यावर काकी गावातच राहिली होती.

काकीनं मला पाहिलं आणि पदर एकदम आवळून घेतला. पण गप्प राहायचं नाही, एवढं त्या क्षणी कळलं. मी म्हणाले, "काकू, या माझ्या काकी आहेत."

"अगं बाई! मग बाहेर का उभ्या? या ना आत," मैत्रिणीची आई म्हणाली. पण तिच्या हातातलं सूप तसंच अधांतरी राहिलं. ते पुढं करावं की मागं घ्यावं, तिला सुचेना. मैत्रीण माझ्याकडं बघायचं टाळत होती. काकी वळली आणि भराभरा चालायला लागली.

मी धावत जाऊन तिला गाठलं.

"वळख कशाला दिलीस गं?" ती चालता चालताच म्हणाली. "हितं मला कोन वळखत न्हाई, म्हनून तर यवढ्या लांब आले."

"काकी, घरी सांगायचं तरी."

"काय सांगायचं? पोरगं ट्रकवर गेलं त्ये परत आलं न्हाई. हिरीत पानी न्हाई. कुनाच्या रानात काम न्हाई. तुज्या बापाला ह्ये सांगू?"

ती एसटीत बसेपर्यंत मी तिच्या शेजारी उभी होते. तिनं पुन्हा तोंड वर केलं नाही. मला वाटलं होतं, आपण तिला आपली म्हणण्याचा धीटपणा केला. प्रत्यक्षात, जी लाज ती गावापासून एवढ्या लांब लपवायला आली होती, ती मी चारचौघांत उघडी केली होती.

साताऱ्याला गेल्यावर वडिलांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते सकाळच्या पहिल्या गाडीनं गावाला गेले आणि संध्याकाळी एकटेच परतले. बूट न काढता पायरीवर बसून राहिले.

"येत न्हाई म्हणती," शेवटी म्हणाले. "इतकी वर्षं कवा विचारलं न्हाई, आता कशाला आलाय, म्हणाली."

तरी ते दर महिन्याला जात राहिले. पुढच्या उन्हाळ्यात काकी आली, ती आमच्याकडेच राहिली. पाहुण्यांपुढं आजोबांची ती गोष्ट वडिलांनी पुन्हा कधी सांगितली नाही.

मैत्रिणीशी माझं नंतरही चांगलं होतं, पण तिच्या घरी मला जाववलं नाही. आणि काकीशी त्या सकाळबद्दल बोलायला मी कितीदा तरी तिच्याजवळ जाऊन बसले. ती भाजी निवडत असायची. माझ्यापुढं अर्धी जुडी सरकवायची, आणि मीही निवडायला लागायचे.