मी नसायचे ते क्षण
हिंगोलीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना माझे काही क्षण हरवायचे. सर खिडकीपाशी उभे असायचे आणि एकदम फळ्याजवळ दिसायचे. मधलं चालणं मी पाहिलेलंच नसायचं. वहीतलं वाक्य अर्ध्यावर तुटून भलत्याच वाक्याला जुळलेलं असायचं. सगळ्यांचं असंच होत असेल, असं वाटायचं. घरी, शिरड शहापूरला, मला लहानपणापासून तंद्रीतली पोर म्हणत. सर विचारायचे, "लक्ष कुठंय?" वर्ग हसायचा. मीही हसायचे.

बाकावर शेजारी पुसेगावची मैत्रीण बसायची. तिचा एक पाय अधू, काखेत कुबडी. ती दारात दिसली की कुणी बॅग घ्यायचं, कुणी वाट करून द्यायचं. तिला त्याचा कंटाळा यायचा.

एका दुपारी कडुनिंबाखाली डबा खाताना पाहिलं, तर तिने माझा हात घट्ट धरला होता.

"काय बघून राहिलीस?" मी विचारलं.

"तू कुठं गेलती?"

"इथंच तर आहे."

"न्हाई. डोळे उघडे व्हते, पण तू नव्हतीस. वर्गातबी व्हतं असं."

मला राग आला. पुन्हा झालं तर मोबाईलवर टिपू का, असं तिने विचारलं. तिला खोटं पाडायलाच मी हो म्हणाले.

चार दिवसांनी तिने दाखवलं. पडद्यावर पानांतलं ऊन हलत होतं, पोरी बोलत होत्या. मधोमध मी, हातात भाकरीचा तुकडा, ओठ किंचित हलणारे. कुणाची झोप पाहावी तशी मी मला पाहत राहिले. भीती नंतर वाटली.

तोच व्हिडिओ घरी वडिलांना, बापूंना, दाखवला. आई हळूच म्हणाली, "लग्नाचं कसं व्हईल?" बापू म्हणाले, "आधी दवाखाना." डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, हा मिरगीचाच प्रकार, माणूस खाली पडत नाही म्हणून कुणाला कळत नाही. गोळ्या सुरू झाल्या.

"सरांना सांग," मैत्रीण म्हणाली. "माझं समद्यांना दिसतं. तुझं तुलाच सांगावं लागंल."

आठवडाभर धीर झाला नाही. शेवटी व्हरांड्यात सांगितलं. सर म्हणाले, "मला वाटायचं, तुला माझा विषय आवडत नाही."

"आवडतो सर," मी म्हणाले, आणि मला रडू आलं.