एका ॲम्प्लिफायरवर तीन बॉक्स

परभणीत आमचं गाड्यांच्या साउंड सिस्टिमचं दुकान आहे. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं आमच्या यांच्याकडं आणि वायरिंग माझ्याकडं, कारण गोड बोलणं मला जन्मात जमलं नाही. विचारा यांना.

धाकट्या भावाचं लग्न माहेरी, पिंगळीत, आमच्याच दारात होतं. नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघतो तो परण्या उघड्या जीपमधून, आणि जीपमध्ये साउंड बसवायचं काम माझ्याकडं. मला काळजी एकच, आबांची, म्हणजे आमच्या वडिलांची. एके काळी हलगी वाजली की आबा धोतराचा सोगा खोचून सगळ्यांच्या पुढं नाचायचे. कान गेले तसं त्यांनी वरातीत येणंच सोडलं. "मला काय आयकू येतंय? तुमी जावा, मी मांडव राखतो," म्हणायचे. पोटच्या पोराच्या परण्यालाही तेच म्हणाले, तेव्हा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बघतेच कसे येत नाहीत! कानाला नसेल कळत, पण सबवूफरचा, म्हणजे जाड आवाजाच्या स्पीकरचा, हादरा अंगाला तर कळतो. भावाकडं असला एक सबवूफरचा बॉक्स होता, तो मी मुद्दाम आबांच्या सीटखाली बसवला.

तेवढ्यात धाकटे जावई, म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा, आपला बॉक्स घेऊन हजर. "आमचाबी लावा की, ताई." जावयाचा मान, नाही कसं म्हणणार? ते बघून आमचे हे तरातरा परभणीला गेले आणि दुकानातला घेऊन आले. थोरला जावई मागं राहतो होय!

मी पाहुण्यांना चहा देईपर्यंत दोघांनी तिन्ही बॉक्स शेजारी शेजारी एकाच ॲम्प्लिफायरला जोडून टाकले. एका म्हशीला तीन पारडी! बॉक्स वाढले की आवाज वाढतो असं वाटतं, पण असं जोडलं की अडथळा कमी होतो आणि ॲम्प्लिफायरवरचा भार वाढतो. हा अडथळा ओहममध्ये मोजतात, आणि बॉक्स प्रत्येकी चार ओहमचे. दोन लावले की अडथळा दोनवर येतो, तिसरा लावला की त्याच्याही खाली. आमचा ॲम्प्लिफायर दोनच्या खाली टिकणारा नव्हता.

आबांना मी हाताला धरून जीपमध्ये बसवलं. हलगीचं रेकॉर्डिंग सुरू झालं आणि जीप गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत ॲम्प्लिफायरचा लाल दिवा लागला. सगळं चिडीचूप. हात लावला तर चटका बसला.

"बंद पडलं का? जाऊ दे गं बाई, मी जातो घरी," म्हणत आबा उतरायला लागले.

"बसा खाली!" मी त्यांना खुणेनं दटावलं आणि जावयांकडं वळले. "कुणाचा तरी एक बॉक्स काढा."

दोघं दोन दिशांना बघायला लागले. काढायचा कुणाचा? लग्नभर रुसवा आणि वर्षभर टोमणे.

"बरं, नका काढू. पण आता तोंड बंद ठेवा आणि पक्कड द्या."

पत्रिकेच्या पुठ्ठ्यानं वारा घालून भावानं ॲम्प्लिफायर निववला. मी दोघा जावयांचे बॉक्स एकामागं एक जोडले, म्हणजे एकातून निघालेला करंट दुसऱ्यात जाईल. त्या जोडीचा अडथळा झाला आठ. तिच्या शेजारी आबांच्या सीटखालचा चारचा बॉक्स एकटा. सगळं मिळून अडीचच्या वर, ॲम्प्लिफायरला झेपेल असं. दोघा जावयांना अगदी सारखा मान, आणि ताकदीचा मोठा वाटा आबांच्या बॉक्सला. हे शेवटचं मी कुणाला सांगितलं नाही.

हलगी पुन्हा सुरू झाली. आबा दचकले. सीटवर तळहात टेकवून बसून राहिले, मग त्यांची बोटं हलायला लागली. ठेका बरोबर! मारुतीच्या पाराजवळ ते ओरडले, "थांबव जीप!" मला वाटलं, तब्येत बिघडली. खाली उतरून ते जीपला टेकून क्षणभर उभे राहिले, सोगा खोचला आणि नाचायला लागले. मला भर रस्त्यात रडू फुटलं, लाजबीज काही वाटली नाही.

आबा नेमके कुणाच्या बॉक्सवर नाचले यावरून दोघे जावई जेवणाच्या पंगतीतही भांडत होते. मी भात वाढत होते. आबांनी पानावरून मान वर केली आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं मला विचारलं, "आता आपल्यात कुणाचं लग्न राह्यलंय गं?"