ताटातला फेटा

मी मान खाली घातली होती. फेट्यासाठी.

शाळेच्या पटांगणात खास ग्रामसभा होती, मांडव होता, स्पीकर होता, सगळं गाव सतरंज्यांवर बसलेलं. कारगिलच्या लढाईवरून गावातले आम्ही दोघं परत आलो होतो. संपत आणि मी. त्याबद्दल आमचा सत्कार. पहिल्यांदा संपत. आप्पा त्याचे सख्खे चुलते. गावात त्यांच्याएवढं मोठं घर नाही, आमच्या वस्तीतल्या निम्म्या बाया त्यांच्या उसात खुरपायला. त्यांनी स्वतःच्या हातानं संपतला फेटा बांधला. सावकाश, एकेक पीळ देत, शेमला नीट सोडून. मग माझं नाव पुकारलं. मी पुढे गेलो आणि मान वाकवली. आप्पा ठेंगणे, म्हणून जरा जास्तच वाकवली.

डोक्याला कापड लागेना.

मी तसाच उभा. किती वेळ, कोण जाणे. मग खाली घातलेल्या नजरेला ताट दिसलं. ताटात नारळ, आणि दुकानातली घडीसुद्धा न मोडलेला फेटा.

"धर," आप्पा म्हणाले. "तुजं तूच बांधून घे. मिल्ट्रीत समदंच शिकिवत्यात म्हनं."

लोक हसले. मीही हसलो.

आप्पांनी काय केलं ते सांगायला मला कधी जड गेलं नाही. मी हसलो, हे सांगताना आजही जीभ अडते.

आम्ही बौद्ध. राहू गावाच्या पुढं आमचं गाव, आणि गावाच्या ओढ्यापलीकडं आमची वस्ती. संपत गावातला. भरतीला दोघं एकाच दिवशी गेलो आणि नशिबानं एकाच तोफेवर आलो. वर द्रासला एका डब्यात खाल्लं, एका कांबळ्यात झोपलो. एका दुपारी गोळा पडला आणि कपचीनं संपतचं डोकं फाडलं. पट्टी मी बांधली. रक्त थांबेना म्हणून स्ट्रेचर येईपर्यंत दोन्ही हातांनी त्याचं डोकं दाबून धरलं. "सोडू नको, सोडू नको," एवढंच तो म्हणत होता. तेव्हा माझे हात कुणाचे, हे कुणी विचारलं नाही.

मांडवात तो माझ्यापासून दोन हातांवर होता. आपल्या बुटांकडं बघत.

घरी आलो. शालननं, माझ्या बायकोनं, ताट माझ्या हातातून घेऊन ट्रंकेवर ठेवलं. भाकरी वाढली. आमची सोनी चार वर्षांची. मी दीड वर्षानं घरी आलेलो, तर तीन दिवस ती मला मिल्ट्रीवाले मामा म्हणत होती. त्या दिवशी ती पहिल्यांदा आपणहून मांडीवर येऊन बसली.

"तुमी का हसला?" शालन म्हणाली.

"मंग काय करायचं व्हतं? समदं गाव हसलं."

"गावाला हसू आलं. तुमाला आलं व्हतं?"

मी भाकरी बाजूला सारली.

"पोरगी बघत व्हती. तुमी हसला म्हनून तिनं टाळ्या वाजिवल्या."

लढाईत भ्यायलो होतो, खोटं कशाला बोलू. पण इतकं नागडं वाटलं नव्हतं. मला कुणी ढकललं नव्हतं, शिवी दिली नव्हती. माझा अपमान मी हसून पदरात घेतला होता आणि माझ्या लेकीला तो सण वाटला होता.

तिसऱ्या दिवशी संपत ओढा ओलांडून आला. बाजेवर बसला, आमच्याकडचा चहा प्याला. मग म्हणाला, "आन तो फेटा. मी बांधतो तुला."

"हितं?"

"हितं काय झालं?"

"तिथं का न्हाई बांधला?"

"चुलता हाय माजा. मला गावात ऱ्हायचंय."

"मला बी गावातच ऱ्हायचंय, संपत. सभेत दिलाय, सभेत बांध. मी येतो."

"तू लई ताणतुयास," म्हणाला आणि उठला. तो वाईट माणूस नव्हता. म्हणून तर मला जास्त संताप आला.

पुढच्याच आठवड्यात ग्रामसभा होती. मी जाणार म्हटल्यावर शालन म्हणाली, "माजं आप्पांकडलं काम जानार." मी उचललेलं ताट परत ट्रंकेवर ठेवलं. ती म्हणाली, "जाऊ द्या. मी बी येते."

गेलो. मी ताट घेऊन, ती सोनीला कडेवर घेऊन. ग्रामसेवकानं रिवाजाप्रमाणं पहिला विषय घेतला, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचता वाचता तो त्या ओळीवर आला, "दोन्ही जवानांना फेटा बांधून त्यांचा यथोचित सत्कार करण्यात आला."

मी उभा राहिलो. फेटा तसाच घडीत होता. ताट टेबलावर ठेवलं.

"खोटं लिवलंय, भाऊसाहेब. खोडा. एकालाच बांधला."

ग्रामसेवक परगावचा. त्यानं आप्पांकडं बघितलं. आप्पा म्हणाले, "माज आलाय ह्याला. फेट्यात बी जात शोधतुया."

"मी न्हाई शोधली, आप्पा. मी मान वाकवून हुबा व्हतो."

कुणी हसलं नाही. मी मागं वळून संपतला हाक मारली, "सांग, तू व्हतास." तो उठला. मला वाटलं, बोलेल. तो बाहेर निघून गेला.

"पुढच्या सभेत बघू," ग्रामसेवक म्हणाला.

"पुढच्या सभेला मी ड्युटीवर आसन. ही आसंल," मी शालनकडं हात करून म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तिचं काम गेलं. तरी पुढच्या सभेत ती उभी राहिलीच. नंतर ग्रामसेवक बदलले, सरपंच बदलले. ओळ खोडली गेली नाही. मी रिटायर होऊन आलो तेव्हा पाव्हणे म्हणाले, दौंडला खोली घ्या, पोरीची शाळा होईल, कशाला ह्या गावात राहता. पोरगी रोज एसटीनं शाळेला जाते. खोली मी घेतली नाही.

वर्षातल्या प्रत्येक ग्रामसभेला मी जातो. पहिल्या सतरंजीवर बसतो. पहिला विषय पुकारला की उभा राहतो, हात वर करतो आणि इतिवृत्ताचं जुनं बुक मागवतो. लोक कंटाळतात, कुणी उठून जातं, कुणी शिव्या देतं. देऊ देत. ती ओळ खोडेपर्यंत मी खाली बसणार नाही.