मुख्यालयी न राहणाऱ्यांची यादी

“हे बी रिकामी नाई बाई,” घरमालकीण म्हणाली.

दाराला कुलूप होतं. खिडकीच्या जाळीत कोळ्यांनी संसार थाटला होता. माझ्यासोबत आलेली वनिता टाचा उंच करून आत डोकावली. आत एक लोखंडी पलंग होता, त्यावर गुंडाळलेली गादी, कोपऱ्यात बादली.

“मंग राह्यते कोण इथी?” तिने विचारलं.

“एक साहेब हायेत जी. कागदावर राह्यतात. दोन साल झाले, दोनदाच आले. असा भाडेकरू बेस. पाणी नाई सांडत, लाइट नाई जाळत, लेकरू नाई रडत.”

लेकरू म्हणताना बाईने वनिताकडे पाहिलं. वनिताला सात महिन्यांचा मुलगा होता. तो तेव्हा गावी, तिच्या आईजवळ होता. दोन बस बदलून जावं लागे त्या गावाला.

मी आरोग्य खात्यात हेडक्लार्क होते, आता रिटायर झाले. माझ्याकडे आस्थापनेचं टेबल होतं. आस्थापना म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोकरीची कुंडली: कोण कधी लागला, कोणाची रजा, कोणाची बदली, कोण कुठे राहतो. तालुक्याच्या त्या गावाचं नाव मी सांगत नाही. जंगलातलं गाव, अलीकडेच नगरपंचायत झालेलं, गडचिरोलीहून बसने तासाभराच्या वर. माझ्यासारखे लोक तिथे अजून नोकरी करतात, उगाच त्यांची झोप कशाला उडवायची.

नियम असा की जिथे नोकरी तिथेच राहायचं. त्याला ‘मुख्यालयी राहणे’ म्हणतात. पण मुलांच्या शाळा गडचिरोलीत, दवाखाने तिथेच, बाजार तिथेच. म्हणून अर्ध्याच्या वर स्टाफ अप-डाऊन करायचा. आणि नियम मोडू नये म्हणून प्रत्येकाने गावात एक खोली भाड्याने घेऊन ठेवलेली. भाडेकरार, घरमालकाचं संमतीपत्र, सगळं फाइलला. खोलीला कुलूप. गावात परवडणाऱ्या खोल्या मुळात किती असणार? त्या सगळ्या अशा आमच्या नावाने बंद.

वनिता कंत्राटी नर्स म्हणून लागली होती. लागल्यावर महिन्याभरात राहण्याचा पुरावा द्यायचा, ही तिच्या ऑर्डरमधली अट. तिला तर पुरावाही हवा होता आणि खोलीही. संध्याकाळची ड्यूटी संपेपर्यंत गावाकडची बस गेलेली असायची. मग ती वॉर्डातल्या बाकावरच पडायची. अंगावर पिणारं पोर दोन-दोन दिवस आईशिवाय. तिने मला सांगितलं, “मॅडम, खोली भेटली का बुढी माय अन् पोरगा दोघायले इथीच आणते. मंग दिवसरात कधीबी बोलवा.” मला कीव आली. जेवणाच्या सुटीत मी तिच्यासोबत खोली शोधायला निघाले. तेव्हा मला स्वतःबद्दल फार चांगलं वाटत होतं.

पहिल्या घरी बंद खोली आमच्या फार्मासिस्टची निघाली. दुसऱ्या घरची पंचायत समितीतल्या कोणाची. तिसरीचं सांगितलंच. वनिताला हसू यायला लागलं. “सारं गाव साहेबायनं भरलं हाये जी,” ती म्हणाली, “अन् सायंकाळी पाहा तं एकबी दिसत नाई.”

मीही हसले. पुढच्या चौकात ती उजवीकडे वळायला लागली आणि माझं हसू गेलं.

“तिकडे नको,” मी म्हणाले.

“काऊन?”

“तिकडे पाण्याचा फार त्रास आहे. लेकरू आहे तुझं.”

त्या गल्लीत चंदाबाईंच्या घरी, अंगणातली सुटी खोली, स्वयंपाकाचा ओटा असलेली, सहा वर्षांपासून माझ्या नावाने बंद होती. मी तिथे एक दिवसही राहिले नव्हते. पाणी सकाळ-संध्याकाळ नळाला यायचं, शिवाय विहीर होती. माझ्या तोंडून थाप इतकी सहज निघाली की मलाच नवल वाटलं. वनिता बिचारी म्हणाली, “तुम्ही होत्या म्हणून कळलं.”

दोन दिवसांनी ती माझ्या टेबलाशी आली. बसली नाही. एकटीच फिरता फिरता ती त्या गल्लीत गेली होती.

“मॅडम, चंदाबाईच्या इथली खोली तुमची हाये म्हणे.”

मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं. समोर तिघं बसले होते, त्यांना ऐकू जात होतं की नाही कोण जाणे.

“पाणी हाये तिथी,” ती हळूच म्हणाली. टोमणा नव्हता तो. मला माहीत नसेल असं समजून ती सांगत होती, किंवा मला तसं समजू देत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. “कागद तुमच्याच नावानं राहू द्या जी. भाडं मी देते. आमाले फक्त राहू द्या.”

आता नीट ऐका, कारण माझी चलाखी इथेच आहे. ती त्या खोलीत राहायला आली असती तर पहिल्याच महिन्यात कोणीतरी विचारलं असतं, मग मॅडम कुठे राहतात? आणि एका खोलीचे दोन पुरावे होत नाहीत. तिला पुरावा द्यायचा तर माझा रद्द करावा लागणार. माझा रद्द झाला की पगारातला घरभाडे भत्ता बंद, वर नोटीस. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, हेच तर माझं टेबल होतं. सासूबाईंचं दुखणं, मुलीची दहावी, सगळी कारणं मी मनात भराभर मांडली. खरी होती ती कारणं. पण तिचं पोरही खरं होतं.

“बघते मी,” मी म्हणाले, “सोमवारी ये.”

सोमवारी ती आली. मी म्हणाले, अजून विचारलं नाही घरी. त्यानंतर तिने पुन्हा विचारलं नाही. समोरून जाताना मात्र रोज नमस्कार करायची. तो नमस्कार मला सहन होईना. ती दिसली की मी फोन कानाला लावायचे.

त्याच आठवड्यात वरून पत्र आलं: मुख्यालयी न राहणाऱ्या कर्मचाऱ्यांची यादी तातडीने पाठवा. असं पत्र आलं की आम्ही ‘निरंक’ लिहून पाठवायचो. निरंक म्हणजे असं कोणीच नाही. मी तसंच टाइप करून साहेबांसमोर ठेवलं.

साहेब म्हणाले, “मॅडम, दरवेळी निरंक? वरच्यांना काय आपण खुळे वाटतो? एखादं नाव द्या.”

“कोणाचं देऊ सर?”

“ज्याचा पुरावा फाइलला नाही त्याचं. सोपं आहे.”

फाइलला पुरावा नसलेली व्यक्ती एकच होती. मी तिथे म्हणू शकले असते की सर, तिला दोन दिवस द्या, खोली मिळते आहे. एवढं एक वाक्य. मी “बरं सर” म्हणाले, टेबलावर आले आणि वनिताचं नाव टाइप केलं. अनुक्रमांक एक. खाली दुसरा क्रमांकच नव्हता.

पंधरा दिवसांत तिचं कंत्राट संपवल्याचं पत्र आलं. ते तिला देऊन पोच घेण्याचं काम माझंच. तिने उभ्यानेच वाचलं. एका ओळीवर बोट ठेवलं: ‘मुख्यालयी वास्तव्य करीत नसल्यामुळे’.

“मॅडम,” ती म्हणाली, “मी तं राहालेच आली होती.”

मी पेन आणि पोचेची प्रत पुढे केली. तिने सही केली, तारीख घातली आणि पेन माझ्याकडे परत देताना नमस्कार केला. त्या संध्याकाळी साहेबांनी मला गाडीतून गडचिरोलीला सोडलं. गाडीत आम्ही चौघं होतो. चौघांचेही पुरावे फाइलला होते.

चंदाबाईंची खोली रिटायर होईपर्यंत मी सोडली नाही. वनिताची जागा पुढे बरेच महिने रिकामी राहिली.

आता नवे क्लार्क कधीमधी फोन करून काही विचारतात. मी त्यांना एकच सांगते. यादीत कोणाचं नाव लिहिण्याआधी त्या रकान्यात आपलं स्वतःचं नाव बसतं का ते पाहा. बसत असेल, तर टाइप करू नका. मी केलं.