नालबंदाच्या खोपटातलं फ्रीव्हील

सायकलचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचं दातेरी चक्र, काढायला एक खास पाना लागतो. तो माझ्याजवळ नव्हता. केवळ एवढ्यासाठी मी तीन वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाच्या खोपटात शिरलो.

लढाईच्या आधीची गोष्ट. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला मी लोणावळ्याजवळ तुंगार्लीला सासुरवाडीस गेलो होतो. माझा मेहुणा दत्तोबा लोणावळ्याच्या पोस्टात तारा वाटायच्या नोकरीला लागून तीन आठवडे झाले होते, आणि त्याची सायकल सरकारी होती. खंडेनवमीच्या सकाळी तो ती ढकलत घरी आला. पायडल फिरे, साखळी फिरे, मागचं चाक मात्र ढिम्म! दुसऱ्या दिवशी सहाला हजेरी होती. सायकल बिघडवली म्हणून आधीच्या माणसाला घरी बसवलं होतं. दत्तोबाचं तोंड बघवेना.

मी म्हणालो, त्यात काय, फ्रीव्हील खोलू. (पुण्याच्या जावयाला सगळं येतं अशी तिथे समजूत होती. ती मीच करून दिली होती. दोन चमचे रॉकेल सोडून चाक गरगर फिरवलं असतं तरी काम भागलं असतं, हे मला पुढच्या वर्षी कळलं.)

लोणावळ्याच्या सायकलवाल्याने दुकानाची एक फळी सरकवून आत दाखवलं. पाटावर ओळीने पाने, हातोड्या, पंप. प्रत्येकाला हळदकुंकू, वर झेंडूची माळ.

"पाना आहे. पण आज तो देव आहे. उद्या सोनं लुटून झालं की या."

घरीही तेच. कुऱ्हाड, विळे, नांगराचा फाळ, सासूबाईंची विळीसुद्धा पाटावर विराजमान. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही. (दुपारी आम्ही हाताने मोडलेला दुध्या खाल्ला.)

तेव्हा माझं डोकं चाललं. पूजा न झालेलं एखादं हत्यार गावात असेलच की! सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. ते बराच वेळ तंबाखू मळत बसले आणि मग पुटपुटले, "नालबंदाच्या खोपटात असंल. पर तितं कुनी जात न्हाई."

हा नालबंद बंगल्यांतल्या घोड्यांना नाल ठोकायचा, उतारवयात सायकलीही दुरुस्त करायचा. तो गेला, बायको गाव सोडून गेली, आणि तेव्हापासून खोपट तसंच होतं. मी हिशेब मांडला : पूजा नाही म्हणजे आज ते नुसतं लोखंड. दत्तोबाला हे पटलं नाही, पण नोकरी त्याची होती.

चारच्या सुमारास निघालो. तळ्यावरून धुकं असं आलं होतं की मला सायकलचं हँडल दिसे, मागून ढकलणारा दत्तोबा दिसत नसे. त्याने चालवलेला भैरोबाचा धावा तेवढा ऐकू येई. सकाळपासून मुकं झालेलं फ्रीव्हील वाटेत एकदाच बोललं, कट्. आम्ही दोघांनीही ते ऐकलं नाही असं ठरवलं.

कडी उघडीच होती. आत जळलेल्या खुराचा वास, तीन वर्षांनंतरही. खोडाला ठोकलेली लोखंडी पकड जबडा वासून उभी.

"दाजी," दत्तोबा हळूच म्हणाला, "सारवलंय कुनी?"

जमीन खरंच ओली होती. मी म्हणालो, दमट हवा.

पाना काही सापडला नाही. मागचं चाक काढलं, तिथल्याच हातोडी-खिळ्याने फ्रीव्हीलची वरची चकती सुटली आणि आतले छर्रे उधळले. (दोन हजार तरी असावेत.) सगळेच्या सगळे अंधाऱ्या कोपऱ्याकडे घरंगळत गेले. आवाज थांबला. मग त्यातला एक, सावकाश, परत आला आणि माझ्या अंगठ्याला टेकला.

मी तिकडे न बघता उरलेला सांगाडा पकडीत आवळला. दोघांनी चाक धरून जोर लावला. हलेना. आणखी जोर लावला. तेवढ्यात मागून घोगरा आवाज आला :

"उलटं फिरवा. त्येंचंबी पयल्यांदा असंच व्हायचं."

आम्ही मुकाट्याने उलटं फिरवलं. चाक झटक्यात सुटून हातात आलं. तेव्हा कुठे सुचलं, की आपण दोघेच आलो होतो.

दत्तोबा खिडकीतून गेला. ती खिडकी एक वीतभर होती. मी दारातून गेलो, कडीसकट.

आबा काठी घेऊन बघून आले. नालबंदाची बायको होती ती! दर खंडेनवमीला सुदुंबऱ्याहून भावाकडून यायची, खोपट सारवायची, नवऱ्याची हत्यारं पुजायची. कोपऱ्यात माळ ओवत बसली होती. पायाशी आलेला छर्रा तिनेच परत ढकलला.

"आन् सायकल?" दत्तोबाने विचारलं.

"तितंच ऱ्हानार. म्हातारीनं पकड पुजली, पकडीतलं पुजलं, छर्रं येचून ताम्हनात मांडलं. चाकालाबी माळ घातलीया. आता उद्या सांजपातुर समदं देव."

दसऱ्याला सहाच्या ठोक्याला दत्तोबा पायी हजर झाला, मागे मी. अर्ध्या तारा त्याने वाटल्या, अर्ध्या मी, पळत. धुक्यातून धापा टाकणारा, तोंडभर कालचं वंगण तसंच राहिलेला इसम बघून एका बंगल्यातल्या बाईंनी तार न उघडताच हंबरडा फोडला. (बारशाची होती.)

संध्याकाळी पोस्टमास्तरांनी वही पाहिली. एकही तार उशिरा नव्हती. नोकरी वाचली. मग त्यांनी सायकल कुठे म्हणून विचारलं, आणि दत्तोबाने सगळं खरं सांगितलं. मास्तरांनी मला पायांपासून वर न्याहाळलं.

"सायकलीपेक्षा हे बरं चालतं. किती दिवस आहे तुझ्याकडे?"

मी दोन दिवसांचा पाहुणा होतो. दत्तोबाने डोळ्यांची पापणीही न हलवता सांगितलं, "दिवाळीपातुर हाय, साहेब."