पंख्याला एरंडेल

होडीच्या पंख्याला मी बैलगाडीचं चाक समजले, हा माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा बावळटपणा. तसे आणखीही पुष्कळ आहेत, नातवंडांना विचारा. पण त्यांत कुणाचा जीव जायची पाळी आली नव्हती.

पंखा म्हणजे छताचा नव्हे. माझ्या नवऱ्याने सागाच्या फळ्या एकावर एक चिकटवून कोरलेला, माझ्यापेक्षा उंच, दोन पात्यांचा पंखा. तो पाण्यात बुडवायचा नव्हता. सपाट बुडाच्या पत्र्याच्या होडीत मागच्या बाजूला मोटारीचं जुनं इंजिन उभं करायचं, त्याला हा पंखा हवेत जोडायचा आणि त्याच्या वाऱ्याने होडी पुढे पळवायची. अशी होडी पाण्यावर चालते तशी चिखलावरही चालते, असं त्याने कारखान्यातल्या कुठल्या तरी इंग्रजी मासिकात चित्रासकट वाचलं होतं. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीत तो फिटर होता. त्याच्या हाताला काही अशक्य नाही, असं त्याला वाटायचं आणि मला तर त्याच्याहून जास्त वाटायचं.

चिखलावर चालणारी होडी कशाला? तर आमच्या दिवाळे गावच्या खाडीला ओहोटी लागली की बंदरापासून पाण्यापर्यंत नुसता चिखल उरतो. मासळी घेऊन आलेल्या होड्या बाहेरच अडकतात. एका ओहोटीला माझा धाकटा दीर कंटाळून होडीतून उतरला आणि चालत यायला निघाला. अर्ध्या वाटेत छातीपर्यंत रुतला. लोकांनी फळ्या टाकून, दोर लावून त्याला ओढून काढला, तोवर भरतीचं पाणी त्याच्या हनुवटीला लागलं होतं. मी काठावरून ते बघितलं होतं. नवऱ्याने त्याच आठवड्यात सागाच्या फळ्या आणल्या.

तीन महिने तो पंखा आमच्या घरात होता. ड्यूटीवरून आला की लाकूड तासायचं. मग तोलायचा. मधल्या भोकातून एक सळई घालायची, सळईची दोन टोकं दोन सरळ पोलादी पट्ट्यांवर ठेवायची आणि बघत बसायचं. जे पातं जड ते हळूच खाली जायचं. मग त्या पात्याला पॉलिश पेपर घासायचा, चिमूटभर भुसा पडला की पुन्हा ठेवायचा. एकदा पंखा अगदी आडवा, स्थिर राहिला. मी गंमत म्हणून एका टोकावर फुंकर मारली, तर तो झुकला. नवऱ्याने मला हाताला धरून बाहेर नेऊन बसवलं.

आता माझी त्या घरातली किंमत सांगते. मी तळवलीची. आमचं भातशेतीचं गाव, घरी दोन बैलगाड्या. लग्न होऊन दिवाळ्याला आले तेव्हा मला मासा धड साफ करता येत नव्हता, टोपली डोक्यावर घेतली की मान लचकायची. सासू मला नावाने हाक मारायचीच नाही. "ए तळवली," म्हणायची. चार वर्षं झाली, दोन मुलं झाली, तरी तळवलीच. त्यामुळे मला काही तरी येतं, हे एकदा सगळ्यांना दाखवायचं, अशी माझ्या मनात सारखी खुमखुमी. आणि मला काय येत होतं? गाडीचं चाक. लहानपणी वडिलांबरोबर मी चाकाची खीळ काढून आसाला वंगण घालायची. वंगण नसेल तर एरंडेल. कोरड्या आसावर गाडी जुंपली तर वडील चिडायचे. जे फिरतं त्याच्या मध्ये तेल हवं, एवढं एकच यंत्रज्ञान मला ठाऊक होतं, आणि ते पुरेसं आहे अशी माझी पक्की समजूत होती.

पंखा बसवायच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्याने मधला जाड भाग कसल्याशा द्रावणाने पुसून कोरडा ठणठणीत केला आणि पंखा माझ्या जुन्या साडीत गुंडाळून पडवीत ठेवला. पहाटे तो आणि दीर होडी खांबांना बांधायला बंदरावर गेले. मी साडी सोडून पाहिलं. एवढी मोठी वस्तू, आज पहिल्यांदा फिरणार, आणि मध्ये तेलाचा थेंब नाही! पुरुषांना एवढंही कळत नाही, असं मनात म्हटलं. मुलांच्या पोटासाठी घरात एरंडेलाची बाटली असायची. ती थोडी कोमट केली. भोकात ओतलं, भोकाभोवतीच्या सपाट भागावर दोन्ही बाजूंनी बोटांनी जिरवलं. कोरडं लाकूड ते पाण्यासारखं प्यालं. वर राहिलेलं पदराने पुसलं. तो भाग महिनोन्‌महिने हाताळून आधीच काळपट झालेला, त्यामुळे काही दिसेना. साडी पुन्हा गुंडाळली आणि स्वतःवर फार खूश झाले.

हा सगळा आनंद तासाभराचा. चहा घेऊन बंदरावर गेले तर दोघे भाऊ मघाशी घरून उचलून नेलेला पंखा बसवत होते. इंजिनाला एक लोखंडी तबकडी, तिच्यावर पंखा, पंख्यावर दुसरी तबकडी, आणि आरपार सहा बोल्ट. दीर विचारत होता, एवढा मोठा पंखा, सहा बोल्ट पुरे होतील का. नवऱ्याने त्याला जे सांगितलं ते मला आजही शब्द न् शब्द पाठ आहे.

"बोल्ट त्याला फिरवत नाय. ही तबकडी लाकडाला आवलून धरतं, त्या पकडीवर पंखा फिरतं. म्हनून मधी कोरडा पायजे. जरा तेल लागला का पकड सुटली, मग सगला भार बोल्टांवर. ते किती वेल धरनार?"

"आनि तुटले तर?"

नवऱ्याने पान्याने आधी पंख्याकडे, मग दिराच्या बसायच्या फळीकडे दाखवलं. दोहोंत हातभराचं अंतर होतं. मधली जाळी अजून बसवायची होती. आधी पंखा जमवायचा, मग जाळी, असं त्याचं म्हणणं.

माझ्या हातातल्या किटलीचं झाकण वाजायला लागलं. मी ते दाबून धरलं.

तेव्हाच बोलायला हवं होतं, हे आता तुम्हीही म्हणाल. मीही रोज म्हणते. पण सासू शेजारी बोंबील वाळत घालत होती, गावातले दहा-बारा जण बघायला जमले होते, आणि मी होते तळवली. मी स्वतःला समजावलं की थोडंसंच तर तेल होतं. लाकडाने पिऊन टाकलं. प्यालेलं तेल कुठे लागतं?

तो बोल्ट आवळायला लागला. एक थोडा, मग त्याच्या समोरचा थोडा, मग पुढचा. एकदम कुणालाच घट्ट करायचं नाही. पान्याच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर मला वाटायचं, आता तेल पिळून बाहेर येईल, आता दिसेल. आलं नाही. मग त्याने इंजिनाच्या वायरी काढून ठेवल्या, जमिनीत एक काठी रोवली, तिचं टोक पात्याच्या टोकाशी आणलं आणि पंखा हाताने हळू फिरवला. दुसरं पातंही काठीपासून तेवढ्याच अंतरावरून गेलं पाहिजे. गेलं. लोकांनी माना डोलावल्या. माझ्याकडे बघून नवरा हसला. तसं हसणं मी त्याच्या तोंडावर आमच्या थोरल्याच्या जन्मानंतर पहिल्यांदा बघत होते.

होडी दोन खांबांना जाड दोरांनी जखडली होती. त्याने मला चुन्याची पिशवी दिली आणि पंख्याच्या डाव्या-उजव्या बाजूला लांबवर रेषा आखायला सांगितल्या. पंखा सुटला किंवा फुटला तर तुकडे आडवे जातात, म्हणून त्या दोन रेषांच्या मध्ये कुणी यायचं नाही. मी माझ्या हाताने त्या रेषा आखल्या.  कुणी तरी म्हणालं, वहिनी, रांगोळी बरी येते. मी हसले. हसले, याची मला अजून लाज वाटते.

पहिल्यांदा इंजिन हळू चालवलं. पंखा दिसेनासा झाला, सासूचे बोंबील दोरीवर फडफडले, सगळे खूश. पाच मिनिटांनी बंद करून नवऱ्याने बोल्ट तपासले तर प्रत्येक बोल्ट आणखी थोडा थोडा आवळला गेला. नवं लाकूड दबतं, तो म्हणाला. मी देवाला मनातल्या मनात नारळ बोलले.

दुसऱ्यांदा वेग वाढवला. होडी दोरांना ताण देऊन उभी राहिली, आणि तिच्या पत्र्यात एक थरथर सुरू झाली. मग मला वास आला. पोरांसाठी एरंडेल तापवताना वाटी जास्त वेळ चुलीवर राहिली की येतो, तो. दिवाळ्याच्या बंदरावर मासळीच्या वासात दुसरा वास कुणाला वेगळा कळणार? मला एकटीला कळला. पंख्याच्या मधून धुराची बारीक रेघ निघाली आणि वाऱ्यात विरली.

नवऱ्याने इंजिन बंद केलं. बोल्ट पुन्हा ढिले. काठी पुन्हा रोवली, तर आता एक पातं काठीपासून बोटभर दूर. तो पंख्यापाशी उकिडवा बसला. तीन महिने तासलेल्या लाकडावरून हात फिरवत म्हणाला, माझंच कुठे तरी चुकलं असेल. पातं पुन्हा रेषेत यावं म्हणून बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून त्याची पातळ चकती त्याने एका बाजूला तबकडीवर, नटांखाली सरकवली, आणि बोल्ट जिवाच्या आकांताने आवळले. माझ्या चुकीवर तो आपला पत्रा लावत होता. पंखा उतरवून आत बघायचं त्याच्या मनातच येईना, कारण ते त्याने स्वतः पुसून कोरडं केलं होतं.

तेवढ्यात भरती लागली. चिखलाच्या पलीकडे पाणी चमकायला लागलं. दीर म्हणाला, अर्ध्या तासात चिखल बुडेल, मग बघायचं काय? एकदा पुरता वेग देऊ, पंखा टिकला तर दोर सोडू. डोक्याला फडकं बांधून तो फळीवर जाऊन बसला. त्याची मान आणि पंखा, मध्ये हातभर.

मी बोलले. पण काय बोलले? म्हणाले, आज नको, मला पहाटे वाईट स्वप्न पडलं.

लोक हसले. दीर वळून म्हणाला, "वयनी, स्वप्नात तू पन बस माझ्या बाजूला, मंग भ्या नाय वाटनार."

इंजिन सुरू झालं. दोघांनाही आता माझं काही ऐकू जाणार नव्हतं. नवरा वेग वाढवायची तार हातात धरून कडेला उभा राहिला, आणि बोल्ट नीट दिसावेत म्हणून एक पाऊल, मग दुसरं, चुन्याच्या रेषेच्या आत गेला. ज्याने सगळ्यांना बाहेर काढलं, तोच आत. थरथर सुरू झाली. वास आला. मला चिखलात रुतलेला दीर दिसला, त्याच्या हनुवटीला लागलेलं पाणी दिसलं, आणि माझे पाय आपोआप निघाले. मी रेषा ओलांडून नवऱ्याच्या पुढ्यात, पात्यांच्या अगदी सरळ रेघेत जाऊन उभी राहिले. डोळे मिटले होते, शूरबिर काही नव्हते.

त्याने तार सोडली. पंखा थांबायला फार वेळ लागला. इतका वेळ मी दोन बाळंतपणांतही मोजला नव्हता.

"मी तेल लावलंय त्याला," मी म्हणाले. "मधी. एरंडेल."

त्याने सहा बोल्ट काढले. पंखा उतरवला. सहातले दोन बोल्ट वाकले होते, तिसऱ्याला केसाएवढी चीर होती. लाकडातली गोल भोकं लांबट झाली होती आणि तबकडीखालचा भाग कोळशासारखा काळा. त्याने बोट फिरवून वास घेतला. मग तो पंखा मांडीवर घेऊन तिथेच बसला. दीर फळीवरून उतरला, मान चोळत त्या वाकलेल्या बोल्टांकडे बघत राहिला.  लोक एकेक करून निघून गेले.

मी घरी आले आणि मोरीत बसून एरंडेलाची बाटली धूत राहिले. ती तीनदा धुतली. शिव्या येतील, माहेरी पाठवतील, निदान तळवलीच्या सात पिढ्या निघतील, म्हणून वाट बघत होते. दार वाजलं. सासू आली, बोंबलाची टोपली खाली ठेवली आणि माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसली.  मग आवाज अगदी खाली आणून, बाहेर पडवीत येऊन बसलेल्या आपल्या मुलाला ऐकू जाऊ नये असा, ती म्हणाली:

"सकाली तू तेल लावताना मी बघलेला. मना वाटला, शेतकऱ्याची पोर हाय, चाकातला तिला कलत आसल. म्हनून गप रायली."