सहा पूर्ण

आमच्याकडं रिमांड होमचं नाव पोरांना धाक घालायला घेतात. नीट वाग, नाहीतर नगरला रिमांड होमात टाकीन. मी मात्र आठ महिने एकच मागणं मागत होते, माझ्या भावाला कोणीतरी तिथं टाका. तो सतरा वर्षांचा होता आणि मोठ्या माणसांच्या तुरुंगात होता.

चोरी त्यानं केली होती. मी ते नाकारत नाही. आपलं पोर साधं आहे म्हणत गळे काढणाऱ्या बायांची मला चीड येते. नदीकाठच्या एका विहिरीवरची पाण्याची मोटर त्यानं आणि त्याच्या वर्गातल्या एका पोरानं मिळून काढली, आतली तांब्याची तार भंगारवाल्याला विकली आणि दोघं एकदमच सापडले. दुसरा बागाईतदाराचा पोरगा. माझ्या भावापेक्षा दीड वर्षानं मोठा, रोज दाढी करणारा. पण पहिलीत नाव घालताना त्याच्या बापानं वय वर्षभर कमी लावलं होतं. पुढं पोरगं नोकरीला लागलं तर वर्षभर उशिरा रिटायर होईल म्हणून! सगळी शहाणी माणसं तेच करतात. त्यामुळं दाढीवाला कागदावर लहान ठरला, रिमांड होमात गेला आणि महिन्याभरात घरी आला. त्याच्या बापानं पेढे वाटले नाहीत एवढंच. माझ्या भावाला मिसरूड फुटत होतं, पण शाळेच्या दाखल्यावर अठरा पूर्ण होऊन चार महिने झालेले.

आमचा वकील म्हणाला, "जन्माची नोंद ग्रामपंचायतीत नाही. शाळेचा दाखला आहे, तर तोच धरणार. हाडांची तपासणी वगैरे दाखला नसेल तर."

आई नुसती रडत बसली. मला रडू येत नाही, मला राग येतो. मी तडक आमच्या जुन्या गुरुजींच्या दारात गेले. या माणसानं अर्ध्या गावाचा जन्म एक जूनला लावून ठेवलेला. ओट्यावर शेंगा फोडत बसले होते.

"गुरुजी, तुमी माझ्या भावाचं वाटोळं केलं," मी गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले. "चार वर्षांचं पोरगं सहाचं लिवलं. डोळे फुटले हुते का?"

"मी मनाचं काय लिवत न्हाई," ते शांतपणे म्हणाले. "जे सांगत्यात ते लिवतो. शाळेत जा, अर्ज बघ."

त्या शांतपणानं माझं डोकं आणखीच फिरलं. मी शाळेत गेले. हल्लीच्या बाई कागद काढायला तयार नव्हत्या. मी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, काढल्याशिवाय उठत नाही. शेवटी त्यांनी कपाटातून गठ्ठा ओढला, धूळ झटकली आणि भावाचा प्रवेश अर्ज माझ्यापुढं टाकला.

वर सगळं गुरुजींच्या अक्षरात. खाली पालकाची सही, आईचं पूर्ण नाव. माझ्या आईला सही येत नाही, ती अंगठा लावते. आणि त्या नावातल्या अनुस्वारांना टिंबाऐवजी बारीक गोल काढलेले. चौथीत असताना मी तसे गोल काढायचे.

वडील नव्हते. आई दिवस उगवताच कांद्यात खुरपायला जायची आणि भावाला माझ्या गळ्यात टाकून जायची. मी त्याला वर्गात घेऊन बसायचे. एकदा त्यानं बसल्या जागी मुतून ठेवलं. गुरुजी ओरडले, "उद्या ह्याला आनलंस तर तुझं बी नाव कमी करीन." मला शाळा सोडायची नव्हती. दुसऱ्या दिवशी मी त्याला टेबलापुढं उभं केलं आणि म्हणाले, "गुरुजी, ह्याला सहा पूर्ण झाली. ह्याचं नाव घाला."

"आई कुठंय?"

"कांद्यात."

"मग सही घेऊन ये."

मी शाळेमागच्या नळाशी बसले, सही केली आणि कागद परत दिला. शेत अर्ध्या तासाच्या वाटेवर होतं. मी पाच मिनिटांत आले होते. गुरुजींनी सही बघितली, माझ्याकडं बघितलं, हसले आणि एक जून लिहिला. त्यांना सगळं कळलं होतं. ते हसणं आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पण हे सगळं मी विसरले होते, आणि ते विसरणं मला स्वतःला माफ करता येत नाही.

वकिलाला मी खरं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, भावाला सोडवायला बहीण हेच बोलणार. कोण मानेल?"

तुरुंगात भेटायला गेले तेव्हा भावाच्या भुवईवर टाके होते. कोणी मारलं ते त्यानं सांगितलं नाही. जाळीला तोंड लावून म्हणाला, "तायडे, त्या मास्तरनंच लिवलं ना वय?"

"व्हय," मी म्हणाले.

आता तो जामिनावर घरी आहे. कोणाशी बोलत नाही. कोणी मागून आलं तर दचकतो आणि मूठ वळतो. परवा पुणतांब्याच्या बाजारात गुरुजी समोरून आले, हातात पिशवी. भाऊ त्यांच्या पायाशी थुंकला. लोक थांबून बघायला लागले. गुरुजींनी त्याच्याकडं नाही, माझ्याकडं बघितलं. एक शब्द बोलले असते तरी पुरे होतं. त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि बाजूला झाले.

मी भावाच्या दंडाला धरून त्याला पुढं ओढलं. म्हणाले, "चल, आसल्या मान्साच्या तोंडी लागू नको."